जनरेटर फिरायचा थांबलाय? आधी बटणावरचा हात काढा

«आमची देवबागला पर्यटकांसाठी दोन खोल्यांची बोट आहे. कर्लीच्या पाण्यात, संगमाच्या अलीकडे नांगरलेली असते. खोल्यांच्या एसीसाठी आणि दिव्यांसाठी खाली दोन सिलिंडरचा डिझेल जनरेटर आहे, खाडीचं पाणी ओढून थंड होणारा. पावसाळ्यात बोट वर ओढून शाकारली होती, दसऱ्यानंतर पाण्यात सोडली. मोठं इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झालं, जनरेटर मात्र काही केल्या पेट घेईना. सेल्फ जोरात फिरत होता, पण धूर अजिबात नव्हता. आम्ही संध्याकाळभर थांबून थांबून सेल्फ मारत राहिलो. शेवटी एकदा ‘ठक्’ असा आवाज आला आणि तो फिरायचाच थांबला. आता बटण दाबलं की नुसतं ‘टक्’ होतं. हे काल संध्याकाळी झालं. दीर म्हणतात, ‘बॅटरी बसली हा’, उद्या ट्रकची बॅटरी आणून लावू. मेकॅनिक फोनवर म्हणाला, पंप खोलावा लागेल, वेळ लागेल. भाचा म्हणतो, पेट्रोलचा छोटा जनरेटर डेकवर ठेवू आणि दिवाळी काढू. टाकीत काटा पावावर आहे. मिस्टर आखातात नोकरीला आहेत, बोटीचं सगळं मीच बघते. पाना हातात धरायला मी घाबरत नाही. काय करू?»
— एक वाचक, देवबाग

ताई, नमस्कार.

ट्रकची बॅटरी आणायला दीर निघाले असतील तर त्यांना आधी फोन करून थांबवा. मग बोटीवर जाऊन दोन गोष्टी करा: जनरेटरला खाडीचं पाणी देणारा तळाचा कॉक बंद करा, आणि जनरेटरच्या बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, म्हणजे चुकूनही कुणी बटण दाबलं तरी सेल्फ फिरणार नाही. एवढं झालं की पुढचं शांतपणे वाचा.

मला जी शंका येते ती बॅटरीची नाही. तुमच्या जनरेटरच्या सिलिंडरमध्ये पाणी गेलं असावं.

कसं, ते सांगते. जमिनीवरच्या जनरेटरचा धूर सरळ सायलेन्सरमधून बाहेर जातो. बोटीवर सहसा तसं करत नाहीत, लाकूड-फायबरच्या पोटातून तापलेला लोखंडी पाइप नेणं धोक्याचं असतं. म्हणून इंजिन थंड करून आलेलं खारं पाणी धुराच्या नळीतच सोडतात. धूर आणि पाणी मिळून खालच्या सायलेन्सरच्या डब्यात पडतात, आणि इंजिन चालू असलं की धुराचा दाब त्या पाण्याला उचलून बोटीबाहेर फेकतो. यातली मेख अशी, की पाणी ओढणारा पंप सेल्फवरही फिरतो, पण पाणी बाहेर फेकणारा धुराचा जोर फक्त इंजिन पेटल्यावरच मिळतो. तुम्ही संध्याकाळभर सेल्फ मारलात. प्रत्येक वेळी थोडं पाणी आत आलं, बाहेर काहीच गेलं नाही. डबा भरला, नळी भरली, आणि पाणी मागे चढून उघड्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरलं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना त्या पाण्यावर आदळला, तो तुमचा ‘ठक्’. मेकॅनिक याला इंजिन ‘लॉक झालं’ म्हणतात.

आतापर्यंत बहुधा फार काही मोडलेलं नाही. जनरेटरच्या छोट्या सेल्फमध्ये इतकी ताकद नसते, तो अडून राहतो. ट्रकची ताजी बॅटरी मिळाली तर तो जास्त जोराने ढकलेल आणि पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकू शकेल. आज जे काम काही तासांत हातांनी सुटेल, ते मग इंजिन खाली उतरवण्यापर्यंत जाईल. दिरांचा अंदाज चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. बसलेली बॅटरीही अशीच ‘टक्’ करते, आणि अडलेलं इंजिनही. आवाजावरून फरक कळत नाही. म्हणून आधी हाताने फिरवून बघायचं आणि मग बॅटरीकडे वळायचं, हा क्रम सोडू नका.

आणि हे काम आजच करा. खारं पाणी सिलिंडरमध्ये चार-सहा दिवस राहिलं तर रिंगा गंजून चिकटतात, व्हॉल्व्ह अडकतात. मग खरंच इंजिन खोलावं लागतं.

काम असं. सायलेन्सरच्या डब्याला तळाशी ड्रेन प्लग असतो, तो काढून पाणी बादलीत घ्या. भरपूर पाणी निघालं तर शंका बरीचशी खरी ठरली समजा. धुराची रबरी नळी इंजिनच्या ज्या कोपराला बसवलेली असते तिथली पट्टी सैल करून तीही उतरवा, म्हणजे कोपरात अडकलेलं पाणी निघेल. मग दोन्ही सिलिंडरचे हीटर प्लग, म्हणजे सुरू करताना आतली हवा तापवणारे प्लग, काढा. प्लग दिसत नसतील, तुमचं इंजिन हीटरशिवायचं असेल, तर नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, काढावे लागतील. तेवढ्यासाठी मात्र माणूस बोलवा, नोझलखालचे तांब्याचे वॉशर नवे लागतात आणि ते नीट बसवायला सराव लागतो.

प्लग निघाले की इंजिनच्या पुढच्या पुलीच्या मोठ्या नटावर पाना लावा आणि इंजिन ज्या दिशेला फिरतं त्याच दिशेला हळू फिरवा. सहज फिरलं आणि भोकांतून पाणी आलं तर देवाचे आभार माना, निदान बरोबर निघालं. पूर्ण दोन-तीन फेऱ्या द्या. एखाद्या ठिकाणी धातूवर धातू अडल्यासारखं वाटलं, किंवा प्लग काढूनही ते हललंच नाही, तर पान्याला पाइप लावून जोर करू नका. तिथे तुमचं काम संपलं आणि मेकॅनिकचं सुरू झालं.

हाताने मोकळं फिरलं तर भोकांवर जुनं फडकं टाका, तोंड बाजूला ठेवा, बॅटरी जोडा आणि सेल्फचे दोन-तीन अगदी छोटे झटके द्या. राहिलेलं पाणी फवाऱ्यासारखं बाहेर येईल. कॉक बंदच हवा, हे पुन्हा सांगते. मग प्रत्येक भोकात चमचाभर स्वच्छ इंजिन ऑइल सोडा आणि हाताने आणखी दोन फेऱ्या द्या, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर तेल पसरेल आणि गंज थांबेल.

बाहेर आलेल्या पाण्याकडे नीट बघा. ते साधं खारट, गढूळ असेल तर आपला तर्क बरोबर. हिरवं किंवा लाल रंगाचं, बोटांना बुळबुळीत लागणारं असेल तर ते खाडीचं नाही, इंजिनच्या आतलं कूलंट आहे. मग गॅस्केट किंवा सिलिंडर हेडकडे बोट जातं. चव घेऊन ठरवायला जाऊ नका, कूलंट विषारी असतं.

आता ऑइलची दांडी काढून बघा. ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसलं किंवा पातळी वर चढलेली दिसली, तर पाणी खाली चेंबरमध्ये उतरलंय. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचे, जनरेटर सुरू झाल्यावर थोडा वेळ चालवून पुन्हा बदलायचे, आणि दुधाळपणा राहिला तर तिसऱ्यांदाही. ऑइल स्वच्छ दिसलं तरी मी एकदा बदलाच म्हणेन. इंजिनच्या दुरुस्तीपुढे त्याचा खर्च काहीच नाही.

समजा हाताने इंजिन मोकळं फिरलं आणि पाण्याचा थेंबही निघाला नाही. मग दीर बरोबर असू शकतात. बॅटरी काही तास तशीच ठेवून मल्टिमीटरने मोजा: 12.6 व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. मग एकाने सेल्फ द्यायचा आणि दुसऱ्याने मीटर धरायचा. आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी थकली आहे. आकडा बारावर टिकून राहिला आणि नुसतं टक् झालं, तर बॅटरी ठीक आहे, वीज सेल्फपर्यंत पोहोचत नाही. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत हे फार होतं. वायरीच्या टोकांवर हिरवट बुरशीसारखी पूड धरते, वरून टर्मिनल घट्ट दिसतं आणि आत संपर्कच नसतो. टोकं काढा, पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. इंजिनच्या अंगावर बसवलेली निगेटिव्ह वायर लोक हमखास विसरतात, ती आधी बघा.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. पाणी शिरलं हा तुमच्या प्रयत्नांचा परिणाम आहे, कारण नाही. जनरेटर पेट का घेत नव्हता?

तुमच्या पत्रातले तीन शब्द मला फार उपयोगी पडले: ‘धूर अजिबात नव्हता’. डिझेल इंजिनला स्पार्क नसतो. हवा दाबून तापते, त्यात डिझेल फवारलं जातं आणि पेटतं. सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचत असेल पण पेटत नसेल, तर सेल्फ मारताना पांढरट धूर येतो. धूरच नाही म्हणजे डिझेलच पोहोचत नाही.

तुम्हाला आणि दिरांना वाटलं असेल, की मोठं इंजिन त्याच टाकीवर चालतंय म्हणजे डिझेलची बाजू ठीक. बहुतेकांना असंच वाटतं. पण अनेक बोटींवर जनरेटरची ओढनळी टाकीत मुद्दाम वर ठेवलेली असते. रात्रभर एसी चालला तरी परतीच्या प्रवासासाठी मोठ्या इंजिनाला डिझेल उरावं, हा त्यामागचा विचार. शहाळ्यातली एक नळी तळापर्यंत गेलेली आणि दुसरी अर्ध्यावरच थांबलेली, असं समजा. तुमचा काटा पावावर आहे. मोठं इंजिन तळातून पितंय आणि जनरेटर हवा ओढतोय, ही शक्यता मी सर्वांत वर ठेवते. शिवाय हलत्या बोटीत काट्यावर फार भरवसा ठेवू नये. म्हणून टाकी निम्म्याच्या वर भरा, पण त्याआधी एक काम आहे.

टाकी भरण्याआधी वॉटर सेपरेटर बघा, म्हणजे डिझेलच्या वाटेवरचा पाणी वेगळं करणारा फिल्टर. जनरेटरला बहुधा स्वतःचा वेगळा असतो. त्याच्या तळाचा नळ सोडून एका काचेच्या बरणीत थोडं डिझेल घ्या आणि बरणी काही वेळ स्थिर ठेवा. पाणी असेल तर ते तळाशी बसतं आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. जूनपासून तुमची टाकी पाऊण रिकामी होती. कोकणातल्या पावसाळ्याची दमट हवा त्या रिकाम्या जागेत शिरली, रात्री टाकीच्या पत्र्यावर थेंब धरले आणि ओघळून तळाला गेले. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बारीक जीव वाढतात आणि काळा, चिकट गाळ तयार होतो. तो फिल्टरमध्ये बसला की डिझेल जवळजवळ थांबतं. बरणीत काळे धागे दिसले तर दोन्ही फिल्टर नवे घाला, आणि टाकीचा तळ उपसून घेण्याचं काम दिवाळीनंतर तरी कराच. मोठं इंजिन त्याच टाकीच्या तळातून पितं, म्हणून त्याचा फिल्टरही उघडून बघा. पाहुणे बोटीवर असताना भर खाडीत ते बंद पडलेलं मला ऐकायचं नाही.

हवा ओढली गेली असेल किंवा फिल्टर बदलला असेल, तर नळ्यांमधली हवा काढावी लागेल. यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त घाई नको. इंजिनवरच्या फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा बोल्ट एक-दीड आटे सैल करा, खाली फडकं धरा आणि फीड पंपाची, म्हणजे टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाची, छोटी दांडी हाताने वरखाली करत राहा. पंप विजेवर चालणारा असेल तर चावी फिरवल्यावर त्याची टिकटिक ऐकू येते. ती येत नसेल तर त्याचा फ्यूज आणि वायर बघा, कधी कधी सगळं दुखणं तेवढंच असतं. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल. बुडबुडे पूर्ण थांबले की दांडी चालू ठेवूनच बोल्ट आवळा. मग हेच मोठ्या पंपावरच्या, म्हणजे नोझलना दाबाने डिझेल देणाऱ्या पंपावरच्या, बोल्टशी. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांची नटं थोडी सैल करून सेल्फ द्यावा लागतो. तिथे डिझेल प्रचंड दाबाने येतं, बारीक फवारा कातडी भेदून आत जाऊ शकतो. हात आणि डोळे लांब ठेवा, आणि फवारा लागलाच तर जखम बारीक दिसते म्हणून घरी थांबू नका, तडक दवाखाना गाठा.

बुडबुडे संपतच नसतील तर टाकी आणि फीड पंपाच्या मधली कुठली तरी नळी हवा ओढतेय. अशा जागी डिझेल गळत नाही, हवा मात्र आत जाते, म्हणून फडक्याने पुसून शोधता येत नाही. जुन्या रबरी नळीच्या पट्ट्या आणि सेपरेटरच्या झाकणाचं रबर, हे दोन ठिकाणचे संशयित.

डिझेल पंपापर्यंत स्वच्छ येतंय आणि तरी नोझलवर काही नाही, तेव्हा स्टॉप सोलेनॉइड बघायचा. पंपाच्या अंगाला चिकटलेला हा लहानसा नळकांड्यासारखा भाग बहुतेक जनरेटरमध्ये वीज मिळाली तरच डिझेलची वाट उघडतो. चावी फिरवल्यावर त्यावर बोट ठेवा, खट्ट असा हलका धक्का जाणवला पाहिजे. चार महिने बंद राहिल्यावर तो गंजून अडकतो, किंवा त्याची वायर उंदरांनी कुरतडलेली असते. शाकारलेल्या बोटीत उंदीर शिरणं नवीन नाही, त्यामुळे वायरींच्या सगळ्या जुड्यांवरून एकदा हात फिरवा. कुंभारमाशीचं मातीचं घर हवेच्या फिल्टरच्या तोंडात किंवा टाकीच्या श्वासनळीत आहे का, तेही बघून घ्या.

एवढं सगळं झाल्यावर जर नोझल कोरडे राहिले, तरच पंपाचं नाव घ्यायचं. पाणी पंपापर्यंत पोहोचून आतला भाग अडकू शकतो, हे खरं, आणि तेव्हा तो टेस्ट बेंचवरच न्यावा लागतो. पण धूर नाही एवढ्यावरून पंप काढायला देऊ नका. मेकॅनिक आलाच तर त्याला विचारा, ‘फिल्टरवर डिझेल येतंय का ते तुम्ही बघितलंत का?’ चांगला माणूस या प्रश्नाने चिडत नाही.

हीटर प्लगचं थोडक्यात. आपल्याकडे थंडी नाही म्हणून हीटर लागत नाही असा समज आहे. छोट्या जनरेटरची बरीच इंजिनं अशी असतात की त्यांना ऑक्टोबरच्या सकाळीही दहा-पंधरा सेकंद हीटर हवा असतो. प्लग बाहेर काढलेलेच आहेत तर मीटरवर रेझिस्टन्स बघा. साधारण एक ओहम किंवा त्याहून कमी आला तर ठीक, काहीच दाखवलं नाही तर जळालाय.

सुरू करताना प्लग, ड्रेन, धुराची नळी सगळं पुन्हा जागेवर बसवलंय ना ते बघा, एसीचे आणि दिव्यांचे ब्रेकर बंद ठेवा, आणि एका माणसाला तळाच्या कॉकजवळ बसवा. कॉक बंद ठेवून सेल्फ द्या, एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिट-दोन मिनिटं विश्रांती. इंजिन पेटलं की त्याच क्षणी कॉक उघडायचा. उशीर झाला तर पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर कोरडा घासून फाटतो. अर्ध्या मिनिटात बाहेरच्या तोंडातून पाणी पडायला हवं. पडलं नाही तर लगेच बंद करा आणि इम्पेलर उघडा. चार महिने एकाच जागी दुमडून राहिलेली त्याची पाती ताठरतात, तुटतात. मी तर म्हणते, तो या निमित्ताने बदलाच, आणि एखादं पातं गायब दिसलं तर त्याचा तुकडा हीट एक्स्चेंजरच्या (जिथे खारं पाणी आतल्या कूलंटला थंड करतं त्या भागाच्या) तोंडाशी अडकलाय का ते शोधून काढा.

जनरेटर सुरू होऊन बटण सोडताच बंद पडत असेल, तर ते वेगळं. ऑइल प्रेशरचा किंवा तापमानाचा स्विच त्याला बंद करतोय. ऑइलची पातळी आणि पाण्याचा प्रवाह बघा. तो स्विच वायर जोडून बायपास करून देणारे भेटतील, त्यांना नम्रपणे नको म्हणा. तसंच एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारून द्यायला कुणी पुढे आलं तर त्यालाही. तापलेल्या हीटर प्लगवर तो स्प्रे भलत्या वेळी भडकतो आणि पिस्टन फुटतात.

आता भाच्याचा सल्ला. मुलगा तुमच्या दिवाळीच्या बुकिंगच्या काळजीनेच बोललाय, मला कळतं. पण ताई, हे करू नका. पेट्रोलच्या छोट्या जनरेटरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डेकवर, खोलीच्या खिडकीपासून चार हातांवर ठेवलेल्या मशीनचा धूर खाडीच्या मंद वाऱ्यात बोटीभोवती रेंगाळतो आणि फटीतून आत येतो. रक्तातला हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला दोनशेपट जास्त ओढीने धरून ठेवतो. पहिली लक्षणं काय, तर डोकं दुखणं, मळमळ, गरगरणं. बोटीवर असं कुणी म्हणालं की आपण काय म्हणतो? ‘बोट लागली, जरा पड.’ आणि माणूस त्याच खोलीत जाऊन पडतो. झोपलेल्या माणसाला तर लक्षणं कळतही नाहीत. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. डेकवर भरताना सांडलेल्या पेट्रोलची वाफ खाली, बोटीच्या पोटात जाऊन साचते, आणि तिथे बॅटरी आहे, सेल्फ आहे, ठिणगी आहे. तुमच्या बोटीवर लोक लेकरांना घेऊन झोपायला येतात.

डिझेल जनरेटरच्या धुरातही हा वायू असतो, कमी असला तरी. म्हणून दोन्ही खोल्यांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा. धुराचा अलार्म वेगळा, तो हे काम करत नाही. घेताना नाव वाचून घ्या.

जनरेटर दिवाळीपर्यंत झालाच नाही तर पाहुण्यांना आधी फोन करून खरं सांगा. मोठ्या इंजिनाच्या अल्टरनेटरवर बॅटरी भरते, तिच्यावर बारा व्होल्टचे पंखे आणि दिवे रात्रभर चालतील. एसीचे पैसे कमी करा. बोट घराजवळच्या धक्क्याला बांधणार असाल तर किनाऱ्यावरून केबल घेता येते, पण ती इलेक्ट्रिशियनकडून, अर्थिंगसह आणि 30 मिलिअॅम्पिअरच्या आरसीसीबीमधूनच, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणाऱ्या स्विचमधूनच. पाण्यात लोंबणारी साधी एक्स्टेन्शन वायर नको.

जनरेटर नीट सुरू झाल्यावरही एक तपासणी उरते. सगळं बंद करून, कॉक मात्र उघडा ठेवून तास-दोन तास थांबा आणि मग सायलेन्सरचा ड्रेन पुन्हा उघडा. बंद केल्यावर जे थोडं पाणी उरतं त्यापेक्षा खूप जास्त निघालं, तर खाडीचं पाणी आपोआप आत ओढलं जातंय. जनरेटर पाण्याच्या पातळीखाली असला की त्याच्या पाण्याच्या नळीला वर उचलून एक वळसा देतात आणि वळशाच्या माथ्यावर हवा घेणारा छोटा व्हॉल्व्ह असतो. मिठाने तो बंद झाला की इंजिन थांबल्यावरही पाणी येतच राहतं आणि सकाळपर्यंत सिलिंडर भरतात. तो काढून कोमट गोड्या पाण्यात धुवा, फुंकून बघा, काम होत नसेल तर नवा बसवा. तोवर रात्री कॉक बंद ठेवण्याची सवय लावून घ्या, आणि कॉक बंद असला की स्टार्ट बटणावर लाल फडकं बांधा, म्हणजे सकाळी दुसरं कुणी सुरू करायला गेलं तरी त्याला कळेल.

पुढच्या मे महिन्यात बोट शाकारण्याआधी टाकी गळ्यापर्यंत भरा, सेपरेटरचं पाणी काढा, जनरेटरमधून गोडं पाणी फिरवा, इम्पेलर काढून डब्यात ठेवा, बॅटरी घरी नेऊन महिन्यातून एकदा चार्ज करा, आणि धुराच्या तोंडाला बोळा लावलात तर तसं बटणाशेजारी लिहून ठेवा.

सिलिंडरमधून निघालेलं पाणी कुठल्या रंगाचं होतं आणि पुली हाताने फिरवताना कुठे अडली का, हे दोन्ही मला नक्की कळवा. रंगीत निघालं असेल तर वर सांगितलेलं सुरू करण्याचं काही करू नका, फक्त प्रत्येक भोकात तेल घालून ठेवा आणि लिहा.